तेरा हजारांच्या गावात एवढाले कारखाने आले कसे?

रगड्यासाठी रात्री भिजत घातलेला पांढरा वाटाणा बऱ्याचदा समुद्र ओलांडून आलेला असतो. कॅनडात त्याला पिवळा वाटाणा म्हणतात, आणि गेली काही वर्षं तो सारखा बातम्यांत आहे. भारतानं नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर ५० टक्के आयात शुल्क बसवलं, डिसेंबर २०२३ मध्ये ते उठवलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के लावलं. त्याआधी मार्च २०२५ मध्ये चीननं कॅनडाच्या वाटाण्यावर १०० टक्के शुल्क ठोकलं. आपल्याकडे या बातम्या तूर-हरभऱ्याच्या भावासाठी वाचल्या जातात. ते रास्तच आहे, कारण स्वस्त वाटाणा बंदरात उतरला की आपला हरभरा पडतो.

मला मात्र या वाटाण्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल सांगायचं आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात पोर्टेज ला प्रेरी नावाचं शेतीवर जगणारं छोटं शहर आहे. लोकवस्ती तेरा हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. या गावात रॉकेट या फ्रेंच कंपनीनं वाटाण्यातून प्रथिन काढण्याचा कारखाना उभारला. जानेवारी २०१७ मध्ये घोषणा झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये उद्घाटन. खर्च सुमारे ६० कोटी कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले साडेतीन हजार कोटी रुपये. वर्षाला सव्वा लाख टन वाटाणा पचवण्याची क्षमता. त्याच गावात मकेन आणि सिम्प्लॉट या दोन बड्या कंपन्यांचे फ्रेंच फ्राइजचे कारखाने आधीपासून होते. सिम्प्लॉटनं २००३ मध्ये उभारलेला आपला कारखाना २०१८ मध्ये ४६ कोटी डॉलर घालून वाढवायला घेतला.

हिवाळ्यात उणे तीसपर्यंत पारा उतरणाऱ्या, चारी बाजूंना सपाट शेतं असलेल्या गावात या कंपन्या का येतात? आणि आपल्याही गावात कुणी यावं म्हणून धडपडणाऱ्या दुसऱ्या छोट्या शहराच्या हातात नेमकं काय असतं?

आधी ओझ्याचा हिशेब

गावाचं नावच ओझ्यावरून पडलं आहे. ‘पोर्टेज’ म्हणजे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना होडी आणि सामान खांद्यावर घेऊन जमिनीवरून चालणं. असिनिबॉइन नदीतून मॅनिटोबा सरोवराकडे जाणारे लोक इथे होडी खांद्यावर घेत आणि गवताळ मैदान पार करत. ‘प्रेरी’ म्हणजे ते मैदान.

कारखानदारीतही पहिला प्रश्न तोच असतो: ओझं कुणी, किती लांब वाहायचं? ऊस घ्या. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो. उरलेली नव्वद किलो मुंबईपर्यंत वाहून नेण्यात काही हशील नाही, शिवाय तोडलेला ऊस वाटेत सुकतो आणि उतारा घटतो. म्हणून साखर कारखाना उसाच्या फडाजवळ असतो, गिऱ्हाइकाच्या दारात नसतो.

बटाट्याचंही तसंच. एक किलो फ्राइजला साधारण दोन किलो बटाटा लागतो. सालं जातात, तुकडे जातात, तळताना पाणी उडून जातं. मग पाण्याचं भाडं कोण भरणार? शिवाय कच्चा बटाटा लांबच्या प्रवासात ठेचकाळतो. त्यामुळे कारखाना शेताजवळच हवा. एक बाब मात्र उसापेक्षा सोयीची आहे. आपला साखर कारखाना हंगाम संपला की थांबतो. मॅनिटोबातला बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात काढून थंड, ओलसर हवेच्या कोठारांत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकवतात. कारखाना वर्षभर चालतो आणि कामगाराला बाराही महिने पगार मिळतो. छोट्या गावाच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे.

वाटाणा मात्र वाळलेला, टिकाऊ. तो जहाजात घालून कुठेही पाठवता येतो, आणि वर्षानुवर्षं तसाच पाठवला जातो. मग त्याचा कारखाना तिथेच का? कारण वाटाण्यात प्रथिन असतं साधारण चौथ्या हिश्शाएवढं किंवा थोडं कमी. उरलेला बहुतेक भाग म्हणजे स्टार्च आणि टरफल. ज्या कंपनीला फक्त तो चौथा हिस्सा जगभर महाग विकायचा आहे, तिनं बाकीचे तीन हिस्से समुद्रापार का न्यावेत?

मग हे शंभर वर्षांपूर्वीच का नाही झालं?

जमीन तीच होती, नदी तीच होती. फरक होता रेल्वेच्या भाड्यात.

१८९७ मध्ये कॅनडा सरकारनं कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला क्रोज नेस्ट खिंडीतून मार्ग टाकायला पैसे दिले. त्या बदल्यात धान्याचं भाडं कमी ठेवण्याचं वचन घेतलं. हाच पुढे ‘क्रो रेट’ म्हणून ओळखला गेला. शेतकऱ्याला तो हवासा होता यात नवल नाही. धान्य हजारो किलोमीटरवरच्या बंदरात जवळपास फुकटात पोचत होतं. पण त्याची एक बाजू फारशी कुणी बघितली नाही. कच्चं धान्य बाहेर पाठवणं इतकं स्वस्त असेल, तर त्यावर गावातच प्रक्रिया कोण कशाला करील? गावात उरायची ती धान्याची उंच कोठारं आणि रेल्वेचं फलाट. पीठ, तेल, मांस दुसरीकडे तयार व्हायचं, आणि त्यातली मजुरी दुसरीकडच्या माणसाला मिळायची.

ही भाडेसवलत १ ऑगस्ट १९९५ पासून संपली. मॅनिटोबा दोन्ही समुद्रांपासून लांब, त्यामुळे फटका तिथे सर्वांत जोराचा बसला. शेतकऱ्यानं हिशेब केला: जव बंदरात पाठवण्यापेक्षा डुकरांना घातलं आणि मांस विकलं तर? गव्हाऐवजी बटाटा लावला तर? १९९९ मध्ये ब्रँडन शहरात मेपल लीफ कंपनीचा मोठा डुक्कर-मांस कारखाना सुरू झाला आणि चार वर्षांनी पोर्टेजला सिम्प्लॉट आली. सगळं श्रेय भाडेवाढीला देता येणार नाही, पण या बदलाशिवाय पुढची सेहेचाळीस-साठ कोटी डॉलरची आकडेमोड कागदावरही बसली नसती असं माझं मत आहे. अनुदान चांगल्या हेतूनं दिलेलं असलं तरी ते कुणाला तरी एका जागी बांधून ठेवतं, हे इथे लख्ख दिसतं.

पाणी: आत येणारं आणि बाहेर जाणारं

वाटाण्यातून किंवा बटाट्यातून स्टार्च कसा सुटतो, हे तुम्ही घरी पाहिलेलं आहे. उपासाच्या दिवशी बटाटा किसून पाण्यात टाकता. थोड्या वेळानं कीस पिळून काढला की पातेल्याच्या तळाशी पांढरा, घट्ट, बोटाला करकरीत लागणारा साका बसलेला असतो. वरचं पाणी गढूळ, किंचित फेसाळ. ते पाणी दोन दिवस तसंच ठेवून बघा. नाकाला रुमाल लावावा लागतो.

कारखान्यात हेच, फक्त पातेलं तलावाएवढं. बटाटा धुवायला, सोलायला, कापायला पाणी लागतं, वाटाण्याचं पीठ पाण्यात कालवून स्टार्च आणि प्रथिन वेगळं करायला पाणी लागतं. म्हणून पहिली अट नदीची. पोर्टेजजवळून असिनिबॉइन वाहते आणि वरच्या अंगाला शेलमाउथ धरण असल्यानं कोरड्या दिवसांतही तिचा प्रवाह टिकतो. पूर आला तर १९७० पासून असलेला वळणकालवा जादा पाणी मॅनिटोबा सरोवरात नेऊन सोडतो.

खरी अडचण बाहेर पडणाऱ्या पाण्याची. इथे एकच अवघड शब्द लागेल: ‘बीओडी’, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खाऊन टाकतात त्याचं माप. त्याला आपण पाण्याची भूक म्हणू. स्टार्चच्या पाण्याला ही भूक प्रचंड असते. तसंच नदीत सोडलं तर ते माशांच्या वाट्याचा प्राणवायू खाऊन टाकील. शिवाय ही नदी पुढे विनिपेग शहरात रेड नदीला मिळते, आणि ते पाणी जातं विनिपेग सरोवरात. त्या सरोवरावर उन्हाळ्यात हिरवी शेवाळाची साय धरते आणि त्याला मुख्यतः फॉस्फरस कारणीभूत आहे. त्यामुळे सांडपाण्यात किती फॉस्फरस चालेल यावर प्रांताचं बंधन आहे.

आता गावाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरं तेरा हजार लोकांची, पण सांडपाण्याची भूक एखाद्या मोठ्या शहराची. नवा कारखाना हवा तर शुद्धीकरण केंद्र आधी वाढवावं लागतं, आणि त्याचा खर्च एकट्या गावाच्या घरपट्टीतून कधीच निघत नाही. पोर्टेजला या केंद्राच्या मोठ्या विस्तारासाठी प्रांत आणि केंद्र सरकारचा पैसा घ्यावा लागला. उद्घाटनाच्या फोटोत हे केंद्र कधी दिसत नाही. फीत कापतात ती कारखान्याच्या दारात. पण माझ्या लेखी गावाचा सर्वांत शहाणा खर्च तोच, आणि का ते शेवटी येईल.

वीज आणि रूळ

हे थोडक्यात. मॅनिटोबातली जवळजवळ सगळी वीज धरणांवर तयार होते आणि तिचा दर उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत कमी दरांत मोडतो. ओलं प्रथिन वाळवून भुकटी करणाऱ्या कंपनीला हे फार भावतं, आणि ‘स्वच्छ विजेवर बनवलेलं’ असं पुडक्यावर छापताही येतं. रूळ म्हणाल तर कॅनडाच्या दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांचे मुख्य मार्ग पोर्टेजमधून जातात. गावात एकच एसटी असली की ती जेव्हा येईल तेव्हा येते. दोन असल्या की दोघी वेळेवर येतात. त्यातलंच हे. रस्त्यांचंही तसंच: देश ओलांडणारा महामार्ग गावाला लागून जातो आणि थोडं पश्चिमेला त्याला यलोहेड महामार्गाचा फाटा फुटतो.

“करात सूट दिली की येतात कंपन्या, एवढं काय?”

ही शंका सगळ्यात आधी येते. सूट दिली जाते, यात लपवण्यासारखं काही नाही. मॅनिटोबात वाढीव मालमत्ता करावर आधारित मदतीची पद्धत आहे. समजा तुमच्या मोकळ्या प्लॉटचा कर हजार रुपये आहे. कुणी तिथे इमारत बांधली आणि कर लाख रुपये झाला. तर जादा झालेले नव्व्याण्णव हजार, किंवा त्यातला काही भाग, ठरावीक वर्षं त्याच प्रकल्पाला परत द्यायचा. गावाच्या खिशातून आज काही जात नाही, हे खरं. पण ती वर्षं संपेपर्यंत रस्ते, अग्निशमन, शाळा यांवरचा वाढलेला भार कुणीतरी उचलायचाच असतो, हेही तितकंच खरं.

सूट शेवटच्या फेरीत उपयोगी पडते. कंपनीनं आधीच पाच-सहा ठिकाणं निवडलेली असतात, कुठेही गेली तरी तिचं भागणार असतं, तेव्हा सवलतीनं पारडं झुकतं. पाणी नसेल, रूळ नसेल, कच्चा माल लांब असेल, तर कितीही सूट द्या, पहिल्याच चाळणीत गावाचं नाव गळतं. हुंडा मोठा दिला म्हणून संसार नीट होत नाही, हे आपण आपल्याच घरांत पाहिलं आहे.

कॅनडाच्याच अल्बर्टा प्रांतातल्या मेडिसिन हॅट या गावाकडे बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या गावाला जमिनीखाली नैसर्गिक वायू सापडला. नगरपालिकेनं तो स्वतःच्या मालकीचा ठेवला आणि स्वस्त वायूच्या जोरावर मातीच्या भांड्यांचे, विटांचे कारखाने बोलावले. भट्टीला वायू लागतो, माती जवळच होती, म्हणून ते जमलं. याच मेडिसिन हॅटमध्ये शंभर वर्षांनी कायदेशीर गांजा पिकवणाऱ्या एका कंपनीनं अवाढव्य काचघर बांधायला घेतलं आणि बाजार बसल्यावर २०१९ मध्ये काम अर्धवट सोडलं.

“एवढ्या पैशात नोकऱ्या इतक्याच?”

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. रॉकेटच्या घोषणेत थेट नोकऱ्या होत्या दीडशेच्या आसपास. सिम्प्लॉटच्या ४६ कोटी डॉलरच्या विस्तारात नव्या पूर्णवेळ नोकऱ्या शंभराच्याही आत. एका नोकरीमागे कोट्यवधी रुपये. आजचा अन्नप्रक्रिया कारखाना म्हणजे बहुतांश नळ्या, टाक्या आणि पडद्यांवरचे आकडे. भोंगा वाजला की हजार माणसं फाटकातून बाहेर पडायची, तो काळ गेला.

मग गावाला काय मिळतं? मुख्य लाभ कारखान्याच्या भिंतीबाहेर होतो. फ्राइजच्या कंपन्या बटाटा पेरणीआधीच करार करून घेतात. मॅनिटोबात शेतकऱ्यांची कीस्टोन पोटॅटो प्रोड्युसर्स असोसिएशन या कंपन्यांशी एकत्र बसून भाव ठरवते. हे आपल्या ऊस उत्पादकांना सांगायला नको: एकट्या शेतकऱ्यानं कारखान्याशी बोलणं आणि सगळ्यांनी मिळून बोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. करार हातात असला की बँक सिंचनाला कर्ज देते. मग कोठारं बांधणारा, पंप दुरुस्त करणारा, शीतवाहतुकीचा ट्रक चालवणारा, सगळ्यांना काम मिळतं. मात्र करार नसेल, किंवा शेतकरी एकेकटे असतील, तर हा लाभ गावात न थांबता नळीतून वाहून जातो. म्हणून कारखाना येतोय म्हटल्यावर ‘नोकऱ्या किती?’ या प्रश्नाच्या आधी ‘माल कुणाकडून आणि कोणत्या करारानं घेणार?’ हे विचारावं.

माणसं येतील, पण राहतील कुठे?

छोट्या गावात काम करायला माणूस मिळत नाही, ही तक्रार कॅनडाच्या सगळ्या मैदानी प्रांतांत ऐकू येते. तरुण मुलं शिकायला शहरात जातात आणि परतत नाहीत. यावर मॅनिटोबानं लवकर हालचाल केली. १९९८ पासून हा प्रांत आपल्याला हवे ते स्थलांतरित स्वतः सुचवतो आणि केंद्र त्यांना कायम वास्तव्य देतं. विनिपेगमध्ये आज मराठी घरं दिसतात, त्यांतली कित्येक याच वाटेनं आलेली आहेत.

पोर्टेजच्या वायव्येला नीपावा नावाचं आणखी छोटं गाव आहे. तिथल्या डुक्कर-मांस कारखान्यात काम करायला फिलिपिन्समधून कुटुंबं आली आणि २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत गावाची लोकवस्ती ४,६०९ वरून ५,६८५ झाली. वीस टक्क्यांहून जास्त वाढ, तीही अशा भागात जिथे गावं ओस पडत चालली आहेत. पण त्या पाच वर्षांत हजार माणसांना पुरतील एवढी घरं, शाळेतले बाक, दवाखान्यातल्या खाटा एकदम उभ्या राहत नाहीत. भाडी चढतात, जुना भाडेकरू अडचणीत येतो, मग नव्यांबद्दल कुरकुर सुरू होते. दोष नव्या माणसाचा नसतो. कारखान्याचं नियोजन झालं आणि घरांचं राहून गेलं, एवढाच त्याचा अर्थ. गावानं बोलणी करताना घरांची गोष्ट पहिल्याच बैठकीत काढली पाहिजे.

“आणि उद्या कारखाना बंद पडला तर?”

पडू शकतो. वनस्पतीजन्य मांसाची लाट आली तेव्हा वाटाणा-प्रथिनाला सोन्याचे दिवस येणार असं सगळे म्हणत होते. लाट ओसरली. वाटाणा आणि कॅनोला नावाच्या तेलबीपासून प्रथिन काढणारी विनिपेगची मेरिट फंक्शनल फूड्स ही नवीकोरी कंपनी २०२३ मध्ये कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात गेली, तीही सरकारी कर्ज असताना. दिल्ली किंवा बीजिंगमध्ये शुल्काचा एक कागद निघतो आणि पोर्टेजजवळच्या शेतकऱ्याची पेरणी बदलते. तेरा हजारांच्या गावाच्या हातात यातलं काहीच नाही.

पोर्टेजनं हे आधी भोगलेलं आहे. १९९० च्या सुमारास तिथला कॅम्पबेल सूपचा कारखाना बंद झाला. त्याच सुमाराला दुसरा घाव बसला: १९८९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं गावाशेजारचा हवाई दलाचा तळ बंद करायचं ठरवलं आणि १९९२ मध्ये तो बंद झालाही. गावाच्या दोन मोठ्या पोशिंद्यांनी दोन-तीन वर्षांच्या आत पाठ फिरवली.

पण जाताना हवाई दलाला धावपट्टी गुंडाळून नेता आली नाही. हँगर, बराकी, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या जागच्या जागी राहिल्या. स्थानिक लोकांनी त्या जागेचं साउथपोर्ट नावानं औद्योगिक केंद्र केलं, इमारती भाड्यानं दिल्या आणि वैमानिक प्रशिक्षणाचं काम कंत्राटी पद्धतीनं तिथेच ठेवून घेतलं. कॅनडाच्या हवाई दलाचे शिकाऊ वैमानिक अजूनही त्याच धावपट्टीवरून पहिली उड्डाणं करतात. करातली सूट कंपनीबरोबर निघून जाते. जमिनीत पुरलेली वाहिनी आणि वाढवलेलं शुद्धीकरण केंद्र मात्र पुढच्या येणाऱ्यासाठी तिथेच असतं.